चवीपुरतं

२ मार्च
ऑपरेशन पुढे ढकललं! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब इतका चढलेला असताना मी मोतीबिंदूला हात लावणार नाही. आधी मीठ तोडा, महिन्याभराने या. मी विचारलं, चवीपुरतं तरी? त्या हसल्या. म्हणाल्या, तुमची चव फार मोठी दिसते.

हसू देत. दुकान बंद पडलंय माझं. घड्याळजीला घड्याळातला स्क्रू दिसेना, तर त्याने काय नुसती टिकटिक ऐकत बसायचं? हे अक्षरसुद्धा एवढं मोठं काढतोय, तरी ओळी एकमेकींवर चढतायत.

३ मार्च
स्वयंपाकघराचा ताबा लेकीने घेतला. सूप अळणी, बटाटे अळणी, अंडंही अळणी. वर म्हणते, सवय होईल बाबा. जखमेवर मीठ चोळलं — दिवसभरात मिळालं ते तेवढंच!

५ मार्च
आमची ही धावून आली! जेवताना लेक पाणी आणायला उठली, तेवढ्यात हिने टेबलाखालून काहीतरी हातात सरकवलं. चाचपलं, तर आमची जुनी काचेची मीठदाणी! "चवीपुरतंच हं," कानाशी कुजबुजली.

भाजीवर दोनदा झटकली. काय सांगू — घशाखाली न उतरणारा घास सुरकन उतरला. खाल्ल्या मिठाला जागणारी बाई आहे.

११ मार्च
हल्ली ही आधी स्वतःच्या ताटात शिंपडते, मग मला देते. चोरीत भागीदार! मीठ दमट होऊ नये म्हणून आत तांदूळ टाकलेत, ते खुळखुळले की आम्ही दोघं खोकतो. लेकीला पत्ता नाही. या वयात एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

१९ मार्च
आज मात्र धास्तावलो. दाब उतरलाच नाही तर? मग ऑपरेशन नाही, डोळे नाहीत, दुकान नाही. आणि कळलं तर सगळे हिलाच बोल लावतील. म्हटलं, बंद करू या का गं हे? म्हणाली, "घ्या हो चवीपुरतं. मी आहे ना."

घेतलं. बरं वाटलं.

२ एप्रिल
दाब उतरला! डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजला. पथ्य अगदी मन लावून पाळलंत, म्हणाल्या. मी छताकडे बघितलं, ही पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. बाहेर आल्यावर मी हिला म्हटलं, बघ, मीठबीठ सगळं थोतांड आहे! ही नुसतीच हं म्हणाली.

पुढच्या आठवड्यात उजवा डोळा.

१० एप्रिल
पट्टी निघाली. भिंत पिवळी आहे हे विसरलोच होतो! हिचे केस बरेच पांढरे झालेत. छान दिसते. तसं सांगितलं, तर लाजली.

मग स्वयंपाकघरात जाऊन एकेक वस्तू न्याहाळत बसलो. फळीवर मीठदाणी दिसली. हातात घेतली, उजेडात धरली. आत नुसते तांदूळ. झाकण काढून तळहातावर ओतले, जिभेवर ठेवून पाहिले. मिठाचा कण नाही.

लेक दारात उभी होती. म्हणाली, "आईने पहिल्याच दिवशी धुऊन वाळवली ती. म्हणाली, घरात त्यांच्या बाजूचं एक तरी माणूस हवं."

म्हणजे हिच्या ताटातही तेच रिकामं शिंपडणं, महिनाभर हीसुद्धा अळणीच जेवली! हिला कसला रक्तदाब? हिला काही म्हणजे काही नाही. आणि लेक रोज नेमकी तेव्हाच पाण्याला का उठायची, तेही आत्ता कळलं. तांदूळ पुन्हा भरले, झाकण घट्ट लावलं, मीठदाणी जागच्या जागी ठेवली. बराच वेळ तिथेच बसलो. नवा डोळा सारखा भरून येत होता. लेकीला सांगितलं, औषधाने येतंय पाणी.

११ एप्रिल
जेवताना लेक पाण्याला उठली. हिने टेबलाखालून मीठदाणी दिली. मी दोनदा झटकली, एक घास घेतला.

"बरोबर आहे ना?" हिने हळूच विचारलं.

म्हटलं, "आज जरा जास्तच पडलं गं."