यावेळी मिक्सर जोरात फिरतोय

४ सप्टेंबर, गुरुवार

आली! रेकॉर्ड आली!!

कुरिअरवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी केस धूत होते. डोक्यावर साबण तसाच, पळत दारात. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. त्याच्या कागदावर सही केली आणि सहीवर फेस पडला. "राहू दे, राहू दे," म्हणत जिना उतरूनही गेला.

चौदा वर्षं! चौदा वर्षांनी बँडला नवा अल्बम काढावासा वाटला. चौघांतले आता तिघेच उरलेत, तिघेही सत्तरीपलीकडचे. चौथा गेला तेव्हा वाटलं होतं, आटोपलं आता. पण नाही – म्हातारे अजून मशिनींसमोर उभे राहून बटणं दाबतायत! कव्हर राखाडी. त्यावर एक अक्षर नाही. बँडचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत. आणि महिनाभर फक्त रेकॉर्डच मिळणार, नेटवर नंतर. म्हणजे यांची नाटकं काही कमी झालेली नाहीत. फार बरं वाटलं.

हे म्हणाले, "आले का तुझे मिक्सर?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या लेखी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे कोणीतरी मिक्सर चालू ठेवून बाहेर गेलंय.

दोन मागवल्या होत्या. एक आमच्या गाणी ऐकायच्या मंडळासाठी, एक परस्पर दादाच्या पत्त्यावर. त्यालाही आजच मिळाली असेल. परवा मंडळात ऐकायची. दादाने यायला हवं. यायलाच हवं!

५ सप्टेंबर, शुक्रवार

दादाला फोन केला.

"मिळाली."

"मग उद्या येतोस ना?"

"नाही गं. तुम्ही ऐका. मी इथेच ऐकेन."

वहिनीला जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून दादा परगावी मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे असतो आणि घराचा उंबरा ओलांडत नाही. भाचा चांगला आहे, भाचेसून तर त्याहून चांगली. पण ती परवा म्हणाली, "आत्या, बाबा बोलतच नाहीत हो. पेपर वाचतात, घडी घालतात, ठेवून देतात." दादा! जो वाद घालायला माणूस मिळाला नाही तर रेडिओशी भांडायचा!

हे वेड मला त्यानेच लावलं. तो कॉलेजात, मी परकरी पोर. दार लावून ऐकायचा. मला आत यायची परवानगी एका अटीवर – "तोंड उघडलंस तर बाहेर." मी दोन्ही हातांनी तोंड दाबून कोपऱ्यात बसायचे. पुढे प्रत्येक अल्बम आम्ही दोघांनी एकत्रच ऐकला, माझ्या लग्नानंतरसुद्धा. वेगवेगळा ऐकायची ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं सरळ आहे. अल्बम आवडला की दादा उठेल, मंडळात येईल, सगळ्यांशी भांडेल, पहिल्यासारखा होईल. आणि नाही आवडला तर – नको, ते लिहायलाच नको.

६ सप्टेंबर, शनिवार

काय सांगू! काय सांगू!!

मंडळ हा शब्द मोठा आहे, डोकी चारच. चष्मेवाला – त्याच्या दुकानामागची खोली आणि रेकॉर्ड प्लेअर त्याचा. सर – शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. केकवाली. आणि मी, ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण. नियम एकच: अल्बम आल्यापासून महिनाभर नेटवर कोणाचंही मत वाचायचं नाही. आधी आपले कान, मग लोकांची तोंडं.

खुर्च्या मांडल्या, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चष्मेवाल्याने सुई ठेवली आणि – अरे देवा! धावायलाच लागलं की! पहिल्याच मिनिटाला सरांचा हात मांडीवर. दुसऱ्या गाण्याला केकवाली उभी राहिली. तिसऱ्याला आम्ही सगळेच. सर नाचतात हे मला माहीत नव्हतं. नाचतात म्हणजे जागच्या जागी सायकल चालवतात, पण मनापासून. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता भिंतीवरून निखळला, तरी कोणी थांबलं नाही.

इतका वेगवान अल्बम बँडने जन्मात केला नव्हता. "विशीत परतलेत हो!" सर धापा टाकत म्हणाले. आणि शेवटचं गाणं! त्यात मशिनचा आवाज आहे, बारीक, चिरका, एखाद्या चिमुरड्यासारखा. काहीतरी बडबडतो, अडखळतो, परत बडबडतो. केकवालीने लगेच त्याचं नाव ठेवलं – पिटुकला. पिटुकला दोनदा ऐकला.

तक्रार एकच. अल्बम फारच छोटा. "चौदा वर्षांनी आले आणि चहा गार व्हायच्या आत गेले!" चष्मेवाला चिडला होता. मग त्यानेच प्लेअरवरून प्रत्येकाच्या फोनमध्ये सगळा अल्बम उतरवून दिला. केकवर कव्हरसारखं राखाडी क्रीम होतं. दिसायला ओलं सिमेंट, खायला स्वर्ग.

हे न्यायला आले. दारातच थांबून जरा वेळ ऐकलं. "यावेळी मिक्सर जोरात फिरतोय," म्हणाले.

बघा! यांनासुद्धा कळलं!

७ सप्टेंबर, रविवार

"ऐकलास?"

"हो."

"मग?"

म्हणाला, "पुरा ऐकवला नाही गं, बारके."

(मी आता दारातून तिरकी होऊन जाते, पण त्याच्यासाठी अजून बारकीच.)

"अरे, ऐकवला नाही काय! आमचे पाय थांबत नव्हते!"

"पाय?" तो म्हणाला. "कसले पाय?"

पुढे बोलणं झालं नाही. फोन ठेवला आणि रडू आलं. यांनी चहा करून आणला, साखर विसरले. मी तसाच प्यायले.

८ सप्टेंबर, सोमवार

रडत बसायला वेळ कुठे! सकाळी नर्सबाईंचा क्लास. ही बाई इंजेक्शन देताना हात हलू देत नाही, पण स्टिअरिंगवर बसली की घामाघूम. तीन आठवडे झाले, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नाही. आज गाडीत नवा अल्बम लावला. चौकात पोचेपर्यंत तिसरा गिअर! तिने स्वतः टाकला! "मॅडम, हे रोज लावत जा," म्हणाली.

जी बाई या बँडचं नावही जाणत नाही तिला कळलं. आणि दादाला कळत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

चष्मेवाल्याने अल्बमवर लेख लिहिलाय, महिना संपला की नेटवर टाकणार. नाव – 'नवी विशी'. फोनवर सगळा वाचून दाखवला. पिटुकल्यावर अख्खा परिच्छेद आहे, "आनंदाचा निखळ उद्गार" वगैरे. मी छान म्हटलं तर परत पहिल्यापासून वाचला!

१४ सप्टेंबर, रविवार

दादा आज जरा बोलला.

"फार संथ आहे गं. एकेक सूर उचलून ठेवल्यासारखा. त्यांनाही जड जात असेल."

संथ?! हा अल्बम?

सरांना विचारलं. ते नेहमी खिदळत असतात, आज गंभीर झाले. "दुःखात माणसाला सगळंच संथ वाटतं," म्हणाले. "त्याला डॉक्टरांना दाखवा." भाचेसुनेशी बोलले. ती म्हणाली, बाबा तयार होणार नाहीत. मलाही माहीत आहे, होणार नाही.

मला वाटलं होतं, हा अल्बम त्याला बाहेर काढेल. आता वाटतंय, तो इतका आत गेलाय की तिथे काही पोचतच नाही. मी भ्यायले आहे. खरंच भ्यायले आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

पोलिसाने अडवलं! नर्सबाई चौथ्या गिअरात होत्या. काच खाली केली, आत अल्बम चालूच. पोलीस मान हलवायला लागला. मला वाटलं, आता लायसन्सची बात – तर तो ठेक्यावर हलवत होता! "कोणाचं आहे?" म्हणाला. नर्सबाईंनी ऐटीत नाव सांगितलं, जसा काही त्यांचा मावसभाऊच बँडमध्ये आहे. समज देऊन सोडलं.

मंडळात पाचवं डोकं घ्यायला हरकत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सापडलं! सापडलं!! सापडलं!!!

दुपारी भाचेसुनेचा फोन. हळू आवाजात – "आत्या, बाबा रोज याच वेळी दार लावून तुमची ती रेकॉर्ड लावतात. शेवटचं गाणं आलं की बंद करतात. थांबा, ऐकवते." तिने फोन दाराला लावला.

पहिल्यांदा मला ओळखूच येईना. गाणं तेच, पण पेंगत, पाय ओढत चाललेलं. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला – अरे, याचा स्पीड चुकलाय! रेकॉर्ड प्लेअरला दोन वेग असतात, मिनिटाला तेहतीस फेरे आणि पंचेचाळीस. या बँडची मागची रेकॉर्ड पंचेचाळीसची होती, म्हणून आम्ही हीसुद्धा पंचेचाळीसवरच लावली. दादा तेहतीसवर लावून बसलाय! म्हणून संथ! म्हणून जड! म्हणून पुरा ऐकवत नाही! त्याला काही झालेलं नाही, त्याचं बटण चुकलंय!

खोलीभर नाचले. हे म्हणाले, "मग फोन करून सांग की." छे! फोनवर मुळीच नाही. मी स्वतः जाणार, स्वतः बटण फिरवणार आणि त्याचं तोंड बघणार. मंडळाला कळवलं. चष्मेवाला इतका हसला की त्याचं गिऱ्हाईक निघून गेलं. "बिचारे दादा! आम्ही नाचतोय आणि ते तिकडे सुतक पाळतायत!"

२७ सप्टेंबर, शनिवार

बसमध्ये. अक्षर हलतंय. मांडीवर केकवालीचा केक, राखाडीच. ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबतो, मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याने आरशातून असं बघितलं की गप्प बसले. मजेत आहे. दादा, आलेच!

२८ सप्टेंबर, रविवार

चूक दादाची नाही. आमची.

काल घरात शिरले ती थेट त्याच्या खोलीत. बटण पंचेचाळीसवर, सुई शेवटच्या गाण्यावर. "ऐक आता!" दादाने पिटुकल्याला थोडा वेळ ऐकून घेतलं. मग रेकॉर्ड उचलून उजेडात धरली. "बारके, चष्मा लाव." मधल्या चकचकीत कड्यावर केसाएवढ्या आकड्यात कोरलंय – तेहतीस. आमचं मंडळ भरतं चष्म्याच्या दुकानात!

मग बरोबर वेगात ऐकलं. पिटुकला मशीन नाहीच. माणूस आहे. म्हातारा. अडखळत एकच नाव घेतो – त्यांच्या गेलेल्या चौथ्याचं. थांबतो. परत घेतो. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले.

दादाने ते काल पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. "आवडला नाही असं मी कधी म्हणालो?" म्हणाला. "एकट्याने ऐकवत नव्हता."

मग मी सगळं सांगून टाकलं. आम्ही यावर नाचलो ते. सरांची सायकल. 'नवी विशी'. चौथा गिअर. दादा बघतच राहिला – आणि हसायला लागला. इतका, की भाचेसून हातातलं काम टाकून धावत आली आणि दारातच रडायला लागली.

मंडळाला फोनवर सांगायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद आहे. त्यांची तोंडं त्याला स्वतः बघायची आहेत. मी हे लिहितेय आणि दादा आत बॅग भरतोय.