उभ्याचा धंदा

४ मार्च
ती. अक्कास, सा. न. वि. वि.
डाव्या घोट्यावर तांबूस-काळा पट्टा उठलाय. खाज सुटते, संध्याकाळी पाय चपलेत मावत नाही. गिऱ्हाइकांच्या मते गजकर्ण. म्हणून रोज दुकानातली तुरटी घासतो, वर दाढीनंतरचं लोशन. चांगलं झोंबतं, म्हणजे गुण येतोय. तू जन्मभर वॉर्डात नर्स होतीस, म्हणून आपलं कानावर घातलं. पथ्यं सांगू नयेस, दुकानात मी एकटा आहे.
लोभ आहेच, ओरडून कमी करू नये.
तुझा भाऊ

९ मार्च
चि. भाऊस, अ. आ.
झोंबल्यानं गुण येत असेल तर मिरची चोळ. तीस वर्षं उभ्यानं लोकांची डोकी भादरलीस, पायाच्या शिरा सैल पडल्या. रक्त वर चढत नाही, तिथंच साचतं, म्हणून कातडी सुजते नि काळवंडते. तुरटी बंद कर. डॉक्टरांना दाखव, ते म्हणाले तर घट्ट मोजे घाल. हयगय केलीस तर जखम होईल, ती महिनोन्‌महिने भरत नाही. मग दुकानाला कुलूप. मला भीती वाटते, म्हणून एवढं लिहिलं.
अक्कल आणि लोभ दोन्ही असावेत.
अक्का

२ एप्रिल
ती. अक्कास, सा. न. वि. वि.
डॉक्टर तुझेच शब्द बोलले, आधी ठरवलं होतंत की काय? मोजे आणले. पण गिऱ्हाइकांसमोर ते बायकी मोजे कोण मिरवणार? रात्री घालून झोपतो, सकाळी काढतो. आठ तास सांगितले, आठ भरतात. तरी कातडी फुटून पाणी येतंय. मोजेच खोटे असावेत.
राग नसावा.
भाऊ

६ एप्रिल
चि. भाऊस, अ. आ.
पाऊस थांबल्यावर छत्री उघडणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. मोजे उभ्या पायांसाठी असतात. आजच डॉक्टरांकडे जा. उंच स्टूल घे आणि आरशावर लिहून लाव: मालक बसून केस कापतील, पटत नसेल त्यानं जटा वाढवाव्यात.
ऐकशील तर लोभ.
अक्का

२० मे
ती. अक्कास, सा. न. वि. वि.
जखम भरली. स्टूल आणि मोज्यांना गिऱ्हाइकं दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी शाळेतले मास्तर आणि हॉटेलचा आचारी पँट वर करून आपापले घोटे दाखवायला लागले. मी तुझ्याच आवाजात त्यांना झापलं.
काल तुझ्या सुनेचं पत्र आलं. तुझ्या घोट्याला दीड वर्ष जखम आहे म्हणे, कोणी आलं की पायांवर चादर ओढतेस. मोजे कपाटात, पुडकंसुद्धा फोडलेलं नाही. मला शहाणपण शिकवताना लाज नाही वाटली? मी फार चिडलोय, आणि घाबरलोही आहे. मला ओरडणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. सोमवारी दुकान बंद ठेवून येतो, तुला डॉक्टरांकडे नेतो. चादर काढून बस.
भाऊ