त्या पोरीला बोलावणं

फुलसावंगी, ता. महागाव
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अर्पी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ‘बाबा’ म्हटलं की नेमका तुझ्या वॉर्डातला पेशंट हाक मारतो आणि तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. ते मध्येच कट होत नाही.

इकडे ठीक आहे. सोयाबीन काढून झालं, कपाशीला बोंडं बरी आहेत. तुझ्या भावाने, पिंटूने, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि स्वतःचाच मोबाइल हरवून बसला. माझा गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं दोघांचं जमतं.

आता बाबा. यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवल्याचं पिंटूने सांगितलंच असेल. दारू सुटली, पण उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं जेवणाऐवजी दारूच पोटात गेली, अंगाला लागणारं जीवनसत्त्व उरलं नाही आणि मेंदूत नवी आठवण साठवायची जागाच खराब झाली. तू नर्स आहेस, तुला जास्त कळेल. इंजेक्शनांनी चाल थोडी सुधारली. आठवण पुरती परत यायची नाही. जेवून हात धुतला की विचारतात, “जेवन झालं का वं?”

हात मात्र काही विसरले नाहीत. गावात भंडारा असला की गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजायला अजून त्यांनाच बोलावणं येतं. कणकेच्या घड्या तशाच सुबक, एक रोडगा आतून कच्चा नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या सदाशिवरावांनी त्यांना वरणही बघायला सांगितलं. मीठ टाकलं हेच विसरायचे आणि परत टाकायचे. अख्खी पंगत पाणी पिऊन उठली. सदाशिवराव म्हणाले, “पुंडलिकराव, पुढच्या बारीनं तुम्ही फक्त रोडगे करजा.” सगळे हसले, तेही हसले. आधीचे दिवस असते तर तिथेच हाणामारी झाली असती.

तुला आवडणार नाही, पण लिहिते. मला हा माणूस आवडतो. सकाळी माझ्यासाठी चहा ठेवतात, तो दिला हे विसरून पुन्हा ठेवतात आणि मी दोन्ही पिते. संध्याकाळी दाराची कडी वाजली की अजून वाटतं, पिऊन आले. मग आत हे येतात.

मी टाळते आहे, कळतंय मला.

तुझं साक्षगंध त्यांना आठवतं, पण झालं तसं नाही. व्याही पोटभर जेवले, लग्न थाटात लागलं, तू सासरी सुखात आहेस, असं ते सगळ्यांना सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. डॉक्टर म्हणाले, रिकामी झालेली जागा मेंदू सुचेल त्याने भरून काढतो आणि माणसाला ते खरंच वाटतं. पिऊन भर मांडवात त्यांनी व्याह्यांची कॉलर धरली, तुझ्याबद्दल नको ते बोलले, पाहुणे उपाशी उठून गेले, जुळलेली सोयरीक मोडली, यातलं काहीही त्यांच्यापाशी नाही.

बाबांनी समोर उभं राहून माफी मागितली तरच घरी येईन, असं तू म्हणाली होतीस. अर्पी, ती माफी आता येणार नाही. तुझा हक्क होता तिच्यावर. तोही दारूने खाल्ला. मला याचं फार वाईट वाटतं गं.

मी करून पाहिलं. तुझं नाव घेतलं की ते “अर्पी मजेत हाय” म्हणून हसतात, म्हणून परवा अंगणात बसून नाव न घेता सांगितलं. एक पोरगी होती, तिचं साक्षगंध होतं, बाप पिऊन आला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले.

“कसा बाप व्हय थो? पोरगी कुठं हाय आता?”

“परगावी. घरी येत नाई.”

“कायले येईन थे? म्या बी नसतो आलो.”

मग काडीने मातीत रेघा ओढत बसले. मला वाटलं, विसरले. तर म्हणाले, “अवं, तिले चिठ्ठी लिही. म्हनावं, बापाकडं जाऊ नको, आपल्या घरी ये. आपली अर्पी सासरी गेली, तिची खोली रिकामीच हाय. मी रोडगे करतो तिच्यासाठी.”

थोड्या वेळाने ते चहा ठेवायला उठले. पोरगी नाही, बाप नाही, काही आठवत नव्हतं. मी मात्र तिथेच बसून खूप रडले.

ही माफी नव्हे, आणि तू ती माफी समजावी असं मी म्हणणार नाही. आलीस तर ते तुला जावयाची खुशाली विचारतील. तुला राग येईल, आणि त्या रागात काही चूक नसेल. नाही आलीस तरी माझी लेक माझीच आहे.

पण त्यांनी चिठ्ठी लिहायला सांगितली होती, ती लिहिली. पोरी, बापाकडे येऊ नकोस. आमच्या घरी ये.

तुझी आई,
कोकिळा