फुकटाच्या पंगतीतले सगळे विषय

आदरणीय व्याहीबुवा लखनभाऊ यांस आर्णीजवळच्या तांड्यावरून नेमसिंगचा राम राम अन् जय सेवालाल. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देते का, का अजून मधातच अडून बसते? विहीणबाईंची शुगर कशी आहे? (त्याईले म्हणा, गोड बंद करा, पण माझ्यावरचा राग त्याच्याही आधी बंद करा.) आम्ही इकडं मजेत आहोत. तूर घरात आली, हरभरा बरा आहे, तुमच्या जावयाची, सुनीलची तब्येत चांगली आहे. घरवाली जमनी माझ्याशी बोलून नाही राह्यली, तेवढं सोडलं तर घरात आनंदच आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता अन् खरंच ठेवता, म्हणून हे पत्र सुनीलच्या हाती देऊन राह्यलो. पत्र काही मधातून कापता येत नाही.

तुमचा निरोप पोचला. 'अपेक्षा परीक्षेपर्यंत ढाणकीलेच राहील, नंतरचं नंतर पाहू,' असं तुम्ही म्हणले. लखनभाऊ, कायद्याचा पहिला धडा असा आहे की दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. तुम्ही निकाल दिला, अन् दुसरी बाजू म्हणजे मी, मी तर अजून तोंडही उघडलं नाही. म्हणून आता सविस्तर ऐका, अन् ऐकून झाल्यावर सूनबाईले पहिल्या एसटीनं पाठवून द्या, हीच माझी मागणी आहे.

तुम्ही लग्नात पोरीले मोठा फोन दिला अन् मांडवात माझ्याकडून शब्द घेतला, की तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष अर्धं राहू देऊ नका. मी शब्द दिला. तिनं त्या फोनवर एक जागा काढून ठेवली होती, तिथं दुनियाभरचे मास्तर फुकट शिकवतात. मी एक दिवस सहज विचारलं, हे काय आहे? ती म्हणे, बाबा, रसायनशास्त्र. मी म्हणलं, बाकी काय काय मिळते? तिनं बोटानं वर सरकवलं तर यादी संपेचना. गणित, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, तारे, दगड, माणसाचं मन, मेंदू, संगीत, शेती, तत्त्वज्ञान. अन् फी? काही नाही. आता तुम्हीच सांगा, फुकटाच्या पंगतीत कोणी एका भाजीवर उठते काय? सूनबाई फक्त रसायनशास्त्र वाढून घेऊन बसली होती, हे मले पाहावेना. मी सातवीतून बैल चारायले गेलेला माणूस. चाळीस वर्षांची भूक होती, मी पूर्ण ताट वाढून घेतलं.

सुरुवात दगडापासून केली. आपल्या तांड्यामागची टेकडी आहे ना, तिचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, हे तुमाले माहीत होतं काय? मलेही नव्हतं, अन् मी त्याच टेकडीवर जन्म काढला. असं ज्ञान एकट्यानं पचत नाही, म्हणून मी पारावर सगळ्याईले सांगतलं की आपण सारे जमिनीतून निघालेल्या आगीवर बसून आहो. आग कधी निघाली, हे सांगायचं मात्र राहून गेलं (कोट्यवधी वर्षांचा आकडा होता, तो लक्षात राहत नव्हता). रामीबाईनं, म्हणजे आमच्या शेजारच्या म्हातारीनं, तेवढंच ऐकलं अन् शेळ्या घेऊन उमरखेडले लेकीकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघाईनं बिछाने बांधले. मग तलाठी आले, टेकडीले हात लावून पाह्यला, थंड आहे म्हणले अन् माझ्याकडं बराच वेळ पाहत राह्यले. रामीबाई अजून आली नाही. तिचं म्हणणं, टेकडी थंड असंन, पण नेमसिंगचा भरवसा नाही.

त्यानंतर मी मनाचं शास्त्र घेतलं. त्यात एका परदेशी माणसानं कुत्र्याले घंटी वाजवून वाजवून खायले घातलं, तर पुढं नुसत्या घंटीनंच कुत्र्याच्या तोंडाले पाणी सुटायले लागलं. आपल्याकडं कुत्रं नाही, म्हैस आहे. मी सरकीची ढेप टाकायच्या आधी रोज पितळी घंटी वाजवायले लागलो. भुरी म्हैस इतकी हुशार निघाली की आठवड्याभरात घंटी ऐकली की दावं ताणायची. प्रयोग शंभर टक्के यशस्वी. एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, की शाळेतही घंटी आहे. मधल्या सुट्टीची घंटी वाजली अन् भुरीनं खुंटा उपटला, फाटकातून सरळ पोरांच्या रांगेत गेली अन् खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं. मुख्याध्यापिका जयाबाई स्वतः घरी आल्या. मी त्याईले शास्त्र समजावून सांगतलं. त्याईनं ते शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, मग सुट्टीत फाटकाशी तुम्हीच उभे राहत जा. तेव्हापासून मी रोज दुपारी शाळेत असतो. (जमनी याले शिक्षा म्हणते. मी म्हणतो, या वयात शाळेनं बोलावणं ही नेमणूकच झाली.)

तत्त्वज्ञानाचं जास्त सांगत नाही. त्यात शिकवतात की कोणतीही गोष्ट आहेच असं आधीच धरून चालू नये. मी जेवताना जमनीले विचारलं, हे वरण खरंच आहे हे कशावरून? तिनं ताट उचलून आत नेलं. त्यावरून ते होतं, हे सिद्ध झालं.

आता मुद्द्यावर येतो. एक दिवस मी शाळेच्या फाटकावरून घरी आलो तर अपेक्षाची बॅग दारात अन् सुनील गाडी काढून उभा. मी म्हणलं, माहेरी चालली, जाऊ दे, हौस आहे. ती पाया पडली अन् गाडीवर बसली. आत गेलो तर फोन कोनाड्यात ठेवलेला. मले वाटलं विसरली. मी हाक मारणार, तेवढ्यात जमनी म्हणाली, "विसरली नाही. ठेवून गेली. 'याडी, बाबांचा धडा अर्धा राह्यला हाय, त्याईले लागंन,' म्हणे."

(आमच्या घरी सून सासूले याडीच म्हणते, आईच. हे तुमाले ठाऊक आहे, तरी लिहितो.)

मी म्हणलं, मग मी काय केलं? त्यावर जमनी जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्याच्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ती म्हणाली, "दिवसभर ते पोरगी घरचं करते. संध्याकाळ झाली की तुमी तिले जवळ बसवता. तुमचा दगड, तुमचा कुत्रा, तुमचे तारे. तिनं तिचं पुस्तक कधी उघडावं? तिच्या बापाले शब्द कोणं देलता, मी का तुमी?"

लखनभाऊ, मी कायदा शिकलो, युक्तिवाद शिकलो, पण त्या वेळी कोनाड्याकडं वळलो. फोन हाती घेतला, धडा लावला, अन् तो मास्तर कितीतरी वेळ बोलत राह्यला. काय बोलला देव जाणे.

दुसऱ्या दिवशी फोन धोतराच्या फडक्यात गुंडाळला अन् आर्णीवरून एसटी धरली. उमरखेडले बदलली, ढाणकीले उतरलो. हो, मी तुमच्या गावात येऊन गेलो. तुम्ही बाजारात गेलेले होते. अपेक्षा ओट्यावर बसली होती, कोणाची तरी जुनी पुस्तकं पुढ्यात, अन् रस्त्याकडं पाठ. वाचता वाचता मान हलवत होती, आपण हिशोब जुळला की हलवतो तशी. मी समोरच्या इमरानच्या गॅरेजात जाऊन बसलो. कोणी तुमाले सांगंन की नेमसिंगले जायची हिंमत झाली नाही. ते खोटं आहे. शास्त्रात आधी निरीक्षण करतात. मी दोन चहा होईपर्यंत निरीक्षण केलं. इमराननं विचारलं, चाचा, घर तर समोरच आहे, जात काहून नाही? मी म्हणलं, पोरगी अभ्यास करून राह्यली, मधात बोलू नये. फोन त्याच्याजवळ देला, तिच्याच हाती दे म्हणलं, अन् आलो त्या एसटीनं परत गेलो. तेव्हा त्या दिवशी इमरानजवळ फोन कोणी आणून देला याचा तुमच्या घरी जो शोध चालू आहे असं कळलं, तो आता थांबवा.

इकडची व्यवस्था मी चोख लावली आहे. समोरची खोली तिच्या अभ्यासाची. मी तिथं पाऊल ठेवणार नाही. शेण, पाणी, शेळ्या माझ्याकडं. स्वयंपाक जमनीकडं (मी एकदा भाकरीत रसायनशास्त्र वापरून पाह्यलं, त्या भाकरी भुरीनंही हुंगून सोडल्या). तेव्हा आता तुमच्याजवळ सूनबाई रोखून ठेवायले एकही कारण उरत नाही. सर्व मुद्दे मी खोडून काढले आहेत. तिले सुनीलसंगं पाठवून द्या. विहीणबाईंले राम राम, गुडघ्याले कोमट तेल.

तुमचा व्याही,
नेमसिंग

ता. क. पत्र सुनीलनं जमनीले वाचून दाखवलं. जमनी अजून माझ्याशी बोलत नाही, पण सुनीलले म्हणाली की खालून लिहायले सांग, पोरगी पाठवू नका. परीक्षा होईपर्यंत तिथंच राहू द्या, इथं आली तर याईचं, म्हणजे माझं, तोंड बंद राहणार नाही. मी विचार केला, तर तिच्या म्हणण्यात वजन आहे. तेव्हा वरची मागणी मी मागं घेतो. फक्त ते 'नंतर पाहू' तेवढं मागं घ्या.

आणखी एक ता. क. हे सुनीलले न दाखवता लिहून राह्यलो. लखनभाऊ, फोनवरचे ते सगळे धडे इंग्रजीत आहेत. मले त्यातलं एक अक्षर येत नाही, नुसती चित्रं दिसतात. दगड असो, मन असो का कायदा, जे काही मी वर एवढ्या ऐटीत लिहिलं ते सगळं संध्याकाळी अपेक्षा मले समजावून सांगायची, मधात थांबून, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, कधी कंटाळली नाही. मले वाटायचं मी शिकून राह्यलो. म्हणजे शिकत होतो, पण मास्तर कोण हे ओळखलं नाही. मी खाजगी बसून दहावीचा फॉर्म भरायचं ठरवलं आहे. बाकी सगळं फुकटात मिळालं, सातवीत सुटलेला अपूर्णांक काही मिळाला नाही. तिची परीक्षा नीट होऊन जाऊ द्या, एक दिवस आधी नको. मग तिले विचारा की बाबाले शिकवशील काय. नाही म्हणली तरी मी समजून घेईन, तिले आग्रह करू नका. हो म्हणली तर एवढंच करा, उत्तर तिच्या हातानं लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, अन् मराठीत.