माझ्या मापाचं सामान

प्रिय पाणबुड्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. "काय ठरलं?" असं विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच "असू दे, घाई नाही" म्हणत हवापाण्यावर येतोस. गेल्या वेळी तर बोटीच्या इंजिनाबद्दल इतकं सांगितलंस की मला मागणी तू घातली आहेस की तुझ्या बोटीने, तेच कळेना. एकीकडे उतावळा नवरा आणि दुसरीकडे उत्तराची भीती, असं तुझं चाललं आहे. तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. हे गाव सोडून तुझ्याकडे समुद्राकाठी येऊन राहायचं का, या वयात पुन्हा संसार मांडायचा का, हे रोज सकाळी शिलाई मशीनवर बसल्यापासून डोक्यात असतं. पण आधी मी काय उद्योग करून बसले आहे ते ऐक. मी पाण्याखाली जायला शिकले आहे. हसून झालं की पुढे वाच.

तू म्हणाला होतास, "तू नुसती ये, हिचा डायव्हिंगचा सगळा संच कपाटात तसाच आहे, तुला सहज बसेल." गेलेल्या बायकोची वस्तू दुसऱ्या कुणाला द्यायला माणसाला किती धीर लागत असेल, ते मला कळतं. तुझ्या मनात काही वावगं नव्हतं. तरी मला ते टोचलं. मोठीचा फ्रॉक धाकटीला, आईचा कोट मुलीला, असे कपडे उसवून बेतण्यात माझा जन्म गेला. कापड ऐकतं रे, पण कोपराशी पडलेली पहिलीची घडी कितीही इस्त्री केली तरी राहतेच. तुझ्या घरात मला अशी उसवून बेतलेली यायचं नव्हतं. तिचं सामान कपाटातच असू दे, कुणाला देऊ नकोस, मी त्याला हातही लावणार नाही. मला फक्त माझं हवं होतं. हे त्या वेळी फोनवर नीट सांगता येईना, म्हणून "विचार करून सांगते" म्हटलं, आणि तू त्याचा नकार धरून बसलास.

मग एका सकाळी सूनबाईला बरोबर घेतलं आणि पोहण्याच्या तलावामागच्या त्या दुकानात गेले. लेकाला आधी सांगितलं नव्हतं. कळल्यावर म्हणाला, "आई, साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी तर अजून साठीही झालेली नाही." सून म्हणाली, म्हणजे अजून बुद्धी शाबूत आहे, जाऊ दे त्यांना. ही पोर आपल्या बाजूची आहे, ध्यानात ठेव.

दुकानातली बाईच पुढे तलावात शिकवते. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, पंचविशीतली. काचेच्या कपाटात गुलाबी रंगाचा अख्खा संच मांडला होता, मास्क, पायातले फिन्स, नळी, सगळं एकाच रंगाचं. माझं शिंप्याचं मन तिथेच अडकलं. बाई म्हणाली, "काकू, मासे मॅचिंग बघत नाहीत." नवशिक्याने आधी चेहऱ्याला आणि अंगाला लागतं तेवढंच घ्यायचं, जड सामान सध्या भाड्याने, असं तिचं मत. मास्क कसा बघायचा ते तुला माहीत आहेच, पण मला काय ठाऊक! पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडून द्यायचे. चिकटून राहिला तर आपला. गुलाबी लगेच पडला. पुढचे चार-पाचही पडले. मी म्हटलं, माझंच नाक वाकडं. बाईने जवळ येऊन कानाशी मी हौसेने सोडलेल्या दोन बटा मागे सारल्या आणि म्हणाली, "नाक छान आहे, केस मध्ये येतात." मग एक साधा काळा मास्क असा बसला की मी तो हात न लावता आरशात जाऊन बघून आले. सून हसून हसून खुर्चीत बसली.

खरी फजिती झाली ती वेटसूटची, त्या रबरी पोशाखाची. बाई माप घ्यायला आली तर मी तिच्या हातातली टेपच काढून घेतली. माझं माप दुसऱ्याने घ्यायचं म्हणजे काय! छाती, कंबर, दंड, सगळं मीच मोजलं आणि मग हाताला सवय तशी सगळीकडे दोन बोटं सैल धरली. माणसाला बसता-उठता यावं, जेवल्यावर श्वास घेता यावा, म्हणून कुठलाही शहाणा शिंपी एवढं सोडतोच. बाई म्हणत होती, काकू, हा मोठा होईल. पण पालथ्या घड्यावर पाणी. तलावात उतरले आणि मानेपासून पोटरीपर्यंत थंडगार पाणी नुसतं आत-बाहेर करू लागलं. दात वाजायला लागले. तेव्हा कळलं की हा पोशाख पाणी बाहेर ठेवायला नसतोच. थोडंसं पाणी आत येऊ द्यायचं, आणि ते अंगाशी धरून अंगाच्याच उबेने गरम करायचं. सैल असला की ते धरलं जात नाही. दुसऱ्या दिवशी निमूटपणे लहान माप घेतलं. तो चढवताना मी आणि सून दोघी घामाघूम झालो, आणि आरशात मी उशीच्या अभ्र्यात कोंबलेल्या गादीसारखी दिसत होते. पण पाण्यात काय ऊब रे!

तोंडातून श्वास घ्यायला मात्र वेळ लागला. टाचण्या ओठांत धरून काम करायची सवय. तोंडात काही आलं की मी ओठ मिटते आणि सुईत दोरा ओवताना करते तसा श्वास रोखून धरते. आणि इथे पहिला नियमच असा की काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. बाई पाण्याखाली माझ्यासमोर बसून हाताने खुणा करायची, घे, सोड, घे, सोड. एक दिवस ते आपोआप जमलं. तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसले होते, निळ्या फरशीवर कुणाची तरी केसांची पिन पडली होती आणि माझ्या श्वासाशिवाय कसलाही आवाज नव्हता. मला फार सुख झालं. तुझी आठवण आली म्हणून नाही, उगीच फुशारू नकोस. मी स्वतःच सुखात होते, आणि वर आल्यावर ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तेव्हा तू आठवलास.

शिकणं काल पूर्ण झालं, आणि पत्र लिहायचं कारणही कालचंच. जड सामानाचं विचारायला आम्ही पुन्हा दुकानात गेलो. बाई म्हणाली, सुट्टीपुरतं समुद्रावर जाणार असाल तर तरंगायचं जाकीट आणि हवेचा रेग्युलेटर भाड्यानेच घ्या, कायमच्या तिथे राहणार असाल तर स्वतःचं घ्या. मला वाटलं होतं, या प्रश्नावर मी अजून महिनाभर घोळ घालीन. पण सुनेसमोर, भर दुकानात, माझ्या तोंडून निघून गेलं, "कायमची." संध्याकाळी सुनेनेच लेकाला सांगितलं. "तिथे जवळ चांगला डॉक्टर आहे का?" एवढंच त्याने विचारलं. त्याचा होकार असाच असतो. तर सगळं सामान आता माझ्या पलंगाखाली येऊन पडलं आहे. रेग्युलेटरला तोंडात धरायच्या दोन नळ्या आहेत, एक काळी, एक पिवळी. मी बाईला म्हटलं, मला तोंड एकच, दुसरी कशाला? ती म्हणाली, "पिवळी तुमची नाही काकू. सोबतच्याची हवा कधी संपली तर त्याची." ती तुझी. पुढच्या महिन्यात घेऊन येते आहे.

तुझीच,
नवशिकी