खापरपणजोबांचा हत्ती

शुक्रवार, १ मार्च १९९६

आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

जेवताना अर्नल्डकाकांनी पुन्हा टाइल कारखान्याचा विषय काढला. ते तिथे भट्टीवर मुकादम आहेत. माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकलाय आणि एक एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवलीय. सव्विसाव्या वर्षापर्यंत अकरा नोकऱ्या सोडणारा माणूस त्यांनी अख्ख्या स्टोक शहरात पाहिला नाही म्हणे. (बारा. द्राक्षतोडणी धरली तर.) मी शांतपणे सांगितलं की भटकणं माझ्या रक्तात आहे, त्याला माझा इलाज नाही. काका म्हणाले, ब्लूर घराण्याचं रक्त दोनशे वर्षांत आपल्या क्ले लेन गल्लीचा कोपरा वळलेलं नाही. मी म्हणालो, पुरावा? ते म्हणाले, तूच आण.

पैज लागली. ३१ तारखेला ब्रेंडाकाकूचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांसमोर मी घराण्याचा इतिहास वाचायचा. एक जरी अस्सल भटका पूर्वज निघाला तर काकांची निळी व्हॅन माझी, आणि मी पोर्तुगालला मोकळा. नाही निघाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कारखान्यात हजर.

व्हॅनमध्ये झोपायला फळी बसेल का, ते मोजून आलो. बसते. कबुतरांचा वास तेवढा घालवावा लागेल. काका शर्यतीची कबुतरं पाळतात. व्हॅनमधून दोनशे मैलांवर नेऊन सोडतात आणि ती येडी मुकाट घरी परत येतात. असल्या पक्ष्यांशी माझं जमणं कठीण.

शनिवार, २ मार्च

काकूने कपाटातून बाप्तिस्म्याचा झगा काढून दाखवला. आमच्याकडचं प्रत्येक पोर चर्चमध्ये ह्याच झग्यातून जातं. मीही गेलो. कापड तीनदा बदललं, पण खालची पट्टी जुनी तीच. तिच्यावर प्रत्येकाचं नाव लाल दोऱ्याने भरलंय. काही नावांखाली काळ्या दोऱ्याची बारीक फुली आहे. नक्षी असावी, बायकांना हौस. सुरुवात अशी: थॉमस, सेरा, ईनॉक, ईनॉक. ईनॉक म्हणजे काकांचे पणजोबा, माझे खापरपणजोबा. त्यांचं नाव दोनदा! भरणारीचं लक्ष कुठेतरी भलतीकडे भटकत होतं. म्हणजे आमचं भटकेपण शिवणकामातही उतरलंय. शकुन चांगला.

काकू काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात तव्यावरचे ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, करपायला लागले. मी सहा खाल्ले, चीज आणि बेकन घालून.

सोमवार, ४ मार्च

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर जुन्या नोंदींची खोली आहे. तिथे मिसेस प्रीस नावाच्या बाई बसतात. पहिल्या मिनिटाला त्यांनी माझं पेन काढून घेतलं आणि बोटभर पेन्सिल दिली. शाईला बंदी आहे. ब्रेंडाचा पुतण्या ना तू, म्हणाल्या.

चर्चच्या वह्या आता फिल्मवर आहेत. मशीनचं हँडल फिरवत राहायचं. चाळीस मिनिटांत सापडला! १४ जून १८२९, बाप्तिस्मा: ईनॉक, थॉमस व हॅना ब्लूर यांचा मुलगा, क्ले लेन. मी ओरडलो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग जवळ येऊन म्हणाल्या, "मूल सापडलं की आधी पुरून बघायचं. दफनाच्या वहीत नाही मिळालं, तरच त्याला पुढे चालू द्यायचं." किती निराशावादी बाई. आयुष्य असल्या खोलीत काढलं की असं होतं.

नंतर तीन तास १८२९ चं वर्तमानपत्र वाचलं. एक मेंढा भर प्रार्थनेत चर्चमध्ये शिरला होता. सगळं उतरवून घेतलं. आपल्या विषयाशी संबंध नाही, पण काळाचा अंदाज येतो.

गुरुवार, ७ मार्च

गेलो नाही. हँडल फिरवून खांदा धरलाय. शिवाय पोर्तुगालचा नकाशा आणला होता.

मंगळवार, १२ मार्च

१८४१ ची शिरगणती. सरकारी माणूस दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन कोण कोण राहतं ते लिहायचा. क्ले लेन, थॉमस ब्लूर, हॅना, सेरा, आणि एक ईनॉक, वय नऊ.

नऊ! माझा ईनॉक तर तेव्हा बारा वर्षांचा हवा. त्या वर्षीच्या वहीत कोण कोणाचं काय लागतं हे लिहीतच नाहीत. त्यामुळे हा नऊ वर्षांचा पोरगा कोणीही असू शकतो. चुलतभाऊ, भाडेकरू. मुद्दा असा की माझा ईनॉक घरात नाही. बाराव्या वर्षी घर सोडलं पठ्ठ्याने! मी सोळाव्या वर्षी सोडलं होतं, तेही काकूने डबा देऊन.

बाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, पुरून बघितलास का.

बुधवार, १३ मार्च

त्या भाडेकरू ईनॉकचं पुढे काय झालं ते गंमत म्हणून पाहिलं. हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. भट्टीत भांडी भाजताना ती मातीच्या मोठ्या डब्यांत ठेवतात. १८५१ मध्ये हा गृहस्थ त्या डब्यांची बुडं ठोकायचा. धंदा म्हणून तसंच लिहिलंय, बुडं ठोकणारा. १८६१ मध्ये डबे घडवणारा. म्हणजे दहा वर्षांत बुडापासून डब्यापर्यंत मजल! मग ७१, ८१, ९१, तोच डबा, तीच क्ले लेन, तेच घर नंबर १७. जन्मगावाच्या रकान्यात बायको, पोरं, सगळ्यांपुढे नुसतं 'वरीलप्रमाणे'. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. माणसाच्या आयुष्याबद्दल याहून उदास शब्द मी वाचलेला नाही.

कागदावर उतरवून घेतलं, खाली एक बूड आणि हातोडा काढला आणि तिथल्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकून दिलं. कोणाचा तरी पूर्वज असेल बिचारा.

शनिवार, १६ मार्च

यश! बाईंनी चुकून शेजारच्या जिल्ह्याची १८७१ ची फिल्म दिली. (मी चुकीचा नंबर लिहिला होता, पण ते जाऊ दे.) गावाबाहेर मैदानात फिरत्या प्राणिसंग्रहाचा तंबू. त्यात: ई. ब्लूर, वय ३१, हत्तीची देखभाल.

हत्ती!

माझा ईनॉक तेव्हा एक्केचाळीस-बेचाळीसचा हवा, हे खरं. पण तंबूत वय कोण विचारतो? हत्तीजवळ उभं राहून प्रश्न विचारायला तो सरकारी माणूस घाबरला असेल, लांबूनच अंदाज केला असेल. तो भाडेकरू दोन-तीन वर्षांनी चुकत होता, त्याची गोष्ट वेगळी. शिस्त हवी.

काकांना रात्री सांगितलं. ते कबुतरांना मटार घालत होते. म्हणाले, हत्तीला काय घालत होता ते लिहिलंय का?

शुक्रवार, २२ मार्च

लॉरीवाल्यांना हात दाखवत प्लिमथला जाऊन आलो. पाच दिवस. त्यातला लायब्ररीत सव्वा तास, कारण बंदरावर एक माणूस वाद्यं दुरुस्त करत होता, त्याच्याकडे थांबलो. पण सव्वा तासात १८८१ च्या जहाजावरचा खानसामा ई. ब्लूर मिळाला. परतताना ग्लॉस्टरला कालव्यावरचा नावाडी ई. ब्लूर, १८५१, वय २४. आणि १८६१ ला रेल्वेचा बोगदा खणणारा, वय २९.

दहा वर्षांत वय फक्त पाचने वाढलं. मोकळ्या हवेचा परिणाम. वर्षं अंगाला लागत नाहीत.

नावाडी, बोगदेवाला, हत्तीवाला, खानसामा. तो मीच आहे. आरशात बराच वेळ कान पाहिले.

मंगळवार, २६ मार्च

सत्तावीस पानं झाली. मेंढाही घातला. प्राणिसंग्रहाचं प्रकरण सात पानांचं, हत्तिणीला नाव दिलंय मार्जोरी. काकू चोरून वाचताना सापडली. मार्जोरी पुढे मरते का, विचारत होती. व्हॅनच्या खिडक्यांसाठी पडद्याचं कापड मागितलं, देते म्हणाली. बरंच जुनं आहे, फुलाफुलांचं.

गुरुवार, २८ मार्च

शेवट झोकात हवा. वादळात बुडाला, की सिंहाने? म्हणून खोलीत जाऊन बाईंना म्हणालो, माझ्या ईनॉकचं दफन शोधायचंय. त्यांनी खणातून एक फिल्म काढली. आधीच काढून ठेवली होती. मशीनला लावली तर १८२९ ची. मी म्हणालो, तुम्ही चुकीची दिलीत. त्या पेन्सिलला टोक करत बसल्या.

९ ऑगस्ट १८२९. ईनॉक, थॉमस व हॅना ब्लूर यांचा मुलगा, क्ले लेन. वय नऊ आठवडे.

त्या दिवसांत कारकून पेंगायचे. गावात दुसरेही थॉमस-हॅना असू शकतात. क्ले लेनला तर कोणीही राहतं. फिल्म गुंडाळून परत दिली. कोणाला सांगण्यासारखं काही नाही.

घरी ओटकेक होते. दोनच खाल्ले.

शनिवार, ३० मार्च

सामान बांधलं. आज रात्रीपासून उन्हाळी वेळ, घड्याळं तासभर पुढे. एक तास गेला म्हणून काका चिडलेत.

नऊ आठवडे म्हणजे किती प्रवास? घरापासून चर्चपर्यंत झग्यात. मग परत घरी. मग पुन्हा चर्चपर्यंत.

आता याचा विचार करणार नाही.

रविवार, ३१ मार्च

नीट लिहायला हवं.

चौदा माणसं होती. मिसेस प्रीससुद्धा. त्या आणि काकू दर मंगळवारी बिंगोला जोडीने जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाचन जोरात झालं. मेंढ्याला हशा, बोगद्याला शांतता. मार्जोरीने मेयरची टोपी खाल्ली तेव्हा काकांनी डोळे पुसले. सत्ताविसावं पान संपलं आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून ग्रेव्हीच्या भांड्याजवळ ठेवली. म्हणाले, हरलो बाबा. मी किल्लीवर हात ठेवलासुद्धा. गार होती.

तेवढ्यात काकू झगा घेऊन आली. सगळ्यांना हत्तीवाल्याचं नाव दाखवायचं होतं तिला.

"क्लाइव्ह, ह्यातला कुठला रे आपला?"

मी पहिल्या ईनॉकवर बोट ठेवलं.

"हा तर गेला ना, राजा," काकू म्हणाली. "काळी फुली आहे बघ. मूल गेलं की ती घालतात. आणि पुढचा मुलगा झाला की नाव त्याला. सगळेच द्यायचे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे चौदातल्या तेराजणांना हे माहीत होतं. मिसेस प्रीस बटाट्यावर ग्रेव्ही घालत माझ्याकडे पाहत होत्या. पेंगणारा कारकून माझ्या जिभेवर तयार होता. पण त्या पट्टीवरची फुली एवढी बारीक होती, भरणारीने फार जपून घातली होती. मी म्हणालो, हो. नऊ आठवड्यांचा होता. माझ्या हत्तीवाल्याशी आपलं नातं नाही.

काकूची बहीण म्हणाली, हत्ती ठेवला तर नाही का चालणार.

"मग आपण कोणाचे?" काकांनी विचारलं.

मिसेस प्रीसनी पर्समधून एक चुरगळलेला कागद काढला. माझंच अक्षर. खाली बूड आणि हातोडा. मी वाचला, जोक न करता. ईनॉक ब्लूर, दुसरा. १८५१, क्ले लेन, घर नंबर १७, बुडं ठोकणारा. ६१, घर नंबर १७, डबे घडवणारा. ७१. ८१. ९१.

मेयरच्या टोपीला टेबल बडवणारे काका पुढे झुकले. त्यांनी विचारलं, नंबर किती म्हणालास? सतरा. पाचही वेळा? पाचही वेळा. ते उठून खिडकीशी गेले. सतरा नंबर पाडून तिथे मोकळी जागा झाली, त्याला जमाना झाला. तीस वर्षांपूर्वी काकांनी त्याच जागेवर कबुतरखाना बांधला. अख्ख्या गल्लीत तीच जागा का घेतली, ते त्यांना कधी कोणाला सांगता आलं नव्हतं.

"परत वाच," ते म्हणाले. "सावकाश."

तीनदा वाचला. तिसऱ्यांदा 'वरीलप्रमाणे' आल्यावर काका माझ्याबरोबरच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द उदास वाटला नाही. केक कापल्यावर सगळ्यांनी पुन्हा हत्तीचं प्रकरण वाचायला लावलं.

निघताना मिसेस प्रीसनी बोटभर पेन्सिल हातात दिली. राहू दे तुला, म्हणाल्या.

मग काकांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. व्हॅन घे म्हणाले. साडेपाचला निघायचं. कोपऱ्यावरून आणखी तिघांना उचलायचं.

सोमवार, १ एप्रिल

व्हॅन अखेर माझ्या हाती आली. पहिला प्रवास: घर ते कारखाना, सव्वा मैल. पडदे लावलेत. मागे बसलेले तिघे पडदे पाहून वाटभर हसत होते.

काम: टाइल्सचे ट्रे भट्टीपासून पॅकिंगपर्यंत नेणे, रिकामे परत आणणे. फेऱ्या मोजल्या आणि जेवणाच्या सुट्टीत गुणाकार केला. दिवसाला अकरा मैल पडतात. म्हणजे पोर्तुगाल साधारण पाच महिन्यांत. छपराखालून, पावसात न भिजता. काकांना सांगितलं. ते म्हणाले, ट्रे सरळ धर.

संध्याकाळी व्हॅन लावत होतो तेव्हा कबुतरं उतरत होती. डोळे मिटतायत. रोज लिहायचं हा नियम आहे, म्हणून उद्याचं आत्ताच लिहून ठेवतो.

मंगळवार, २ एप्रिल

वरीलप्रमाणे.