सान जुस्तिनोचे अकरा दगड

रोम, १२ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप बाबांस,
एर्सिलियाचा शि. सा. न. वि. वि.

आत्याचं कार्ड आलं. केशराची फुलं यंदा लवकर आली आणि तुम्ही पहाटे सगळ्यांच्या आधी शेतात हजर असता म्हणे. म्हणजे गुडघा फक्त मठाकडे चढायचं म्हटलं की दुखतो! सबंध उन्हाळा मी तिथे शिडीवर होते, आणि गावातला सगळ्यात जुना पाथरवट एकदाही वर फिरकला नाही.

आता बातमी. सान जुस्तिनोच्या पूर्वेकडच्या भिंतीतला दगड न् दगड मोजून झाला. अकरा दगडांवर एकाच हाताची खूण आहे: एक कमान, तिच्याखाली तीन रेघा. दातेरी छिन्नीचे असे घाव आपल्याकडे आठशे वर्षांत कुणी घातलेले नाहीत. म्हणजे ही भिंत सगळे मानतात त्याहून शंभर वर्षं तरी जुनी! वीस नोव्हेंबरला समितीपुढे मांडायचं आहे. मान्य झालं तर मठाचं उत्खनन माझ्या हाती येईल. नाही तर फाटकाला कुलूप, मग पडेल ते पडेल.

अकराही दगडांचं चित्र सोबत आहे. नऊ वर्षांची असताना याच खुणेवर बोट ठेवून मी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, आठवतं?

वेळेवर जेवा. माझ्यावरची माया केशरासारखी चिमटीने मोजू नका.

आपली,
एर्सिलिया

*

रोक्कालेन्ता, २६ ऑक्टोबर १९८६

चि. एर्सिलियास,
अ. उ. आ.

फुलं संपली. आत्याची खोकल्याची कुरकुर चालू आहे. तुझं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा मी उठून अंगणात गेलो.

पोरी, ते दगड माझे आहेत.

छप्पन साली डागडुजी निघाली होती. नियम असा की नवा दगड जुन्यापेक्षा बोटभर आत बसवायचा आणि त्यावर साल कोरायचं. पहिल्या दिवशी तीन दगड तसे बसवले. मुकादमाच्या यादीत तेवढेच आहेत. पण ती भिंत दात पडल्यासारखी दिसायला लागली, मला बघवेना. पुढचे, तू मोजलेस ते अकरा, मी सरळ रेषेत बसवले, साल घातलं नाही. जुने दिसावेत म्हणून रिकोटा चीजच्या पाण्यात काजळी कालवून वरून चोळली. तुझी दातेरी छिन्नी माझ्या पणजोबांची. आपल्या कोठारात कांद्यांच्या टोपलीमागे पडलेली असते. तीन रेघा म्हणजे तुझी आई, मी, आणि तिच्या पोटातली तू.

तू विचारलं होतंस, ही खूण कुणी केली? मला तेव्हा गंमत वाटली. मी म्हटलं, फार जुन्या माणसाने. त्या एका उत्तरावर तू सगळा जन्म उभा केलास, आणि मी खालून बघत राहिलो. म्हणून मी वर येत नव्हतो. गुडघा ठणठणीत आहे.

माया आहे, ती तुला नको झाली तरी इथेच असेल.

तुझा,
बाबा

*

रोम, २३ नोव्हेंबर १९८६

ती. बाबांस, नमस्कार.

समितीपुढे गेले आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. अहवाल मागे घेतला. एक म्हातारे गृहस्थ हसत म्हणाले, वडिलांना कळवा, हात फार चांगला होता. क्षणभर मला तुमचा अभिमान वाटला, आणि त्याचाच मग जास्त संताप आला. उत्खनन रद्द झालं. फाटकाला कुलूप लागेल.

क्षमा केली असं लिहायला बसले होते, पण ते खरं नाही. चार आकडे, बाबा! दर दगडावर चार आकडे कोरायला तुम्हाला किती वेळ लागला असता? या नाताळला मी येणार नाही. आत्याला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

लोभ मागत नाही. आहे तोच कुठे ठेवू ते कळत नाही.

एर्सिलिया

*

रोक्कालेन्ता, ८ डिसेंबर १९८६

चि. एर्सिलियास,
आशीर्वाद चालतील का, न विचारताच पाठवतो.

कुलूप लागायच्या आत नियम पुरा करावा म्हणून तुझं चित्र आणि छिन्नी घेऊन वर गेलो. चार दिवस लागले. थंडीने बोटं वळत नव्हती, तरी दहा दगडांवर साल कोरलं. तू म्हणालीस तसंच, फार वेळ लागत नाही.

अकरावा अगदी खालचा, कोपऱ्यातला. त्याच्यावर छिन्नीचा आवाज बद्द येत होता. वाटलं, माझे कान गेले. मग चष्मा पुसून खूण पाहिली. रेघांच्या कडा शेकडो वर्षांच्या पाण्याने पार झिजलेल्या. तेव्हा एकदम आठवलं. छप्पन साली मी याच दगडासमोर पालथ्या बादलीवर बसलो होतो, आणि ही खूण ओल्या अंगठ्याने गिरवून शिकलो होतो. आपण तिघं वगैरे मी नंतर मनाशी जुळवलं, आणि तीस वर्षांत तेच खरं झालं. मी दहाच घडवले होते. तू चित्रात अकरा दाखवलेस, मी अकरा म्हणालो.

तुझं खरं होतं, पोरी. एका दगडापुरतं, पण खरं होतं. आता मी हे सांगितलं तर कोण ऐकेल? लेकीसाठी म्हातारा पुन्हा खोटं बोलतो आहे म्हणतील.

मी हात थांबवला, एर्सिलिया. पण तोवर त्या दगडावर एक, नऊ आणि पाच कोरून झाले होते.

तुझा,
बाबा